भंगारातला मोडेम आणि रेडिओची केबल

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घराचा खालचा मजला पाण्यात होता. माझा हॅम रेडिओ, म्हणजे लायसन्स काढून हौसेनं दूरदूरच्या माणसांशी बोलायचा सेट, वाचला, कारण पाणी गल्लीच्या तोंडाशी आलंय म्हटल्यावर मी आधी तो उचलून वर नेला. आधी रेडिओ आणि मग तांदळाचं पोतं, हा क्रम मला घरात अजून ऐकवला जातो. खाटेखालची केबलींची पेटी मात्र तिथंच राहिली. पाणी उतरल्यावर झाकण उघडलं तर आत बोटभर गाळ आणि हिरवे पडलेले प्लग. रेडिओ कॉम्प्युटरला जोडायची जुनी केबलही त्यातच होती. ती मला कुणीतरी करून दिलेली. मधल्या काळ्या डबीत काय होतं हे मी कधी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं. चालत होती, मग कशाला उघडायची?

पुढं काही वर्षं नुसतं माइकवर बोलून भागवलं. रेडिओ यासूचा एफटी-८५७डी, सेकंडहँड घेतलेला, पण ठणठणीत. अडचण रेडिओची नव्हती, गल्लीची होती. पूर्वी संध्याकाळी सात मेगाहर्ट्झवर कान दिला की देशभरची माणसं ऐकू यायची. आता प्रत्येक घरात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर, सीसीटीव्हीचे अडॅप्टर. कुणी बोलत नसतानाही सिग्नलची पट्टी सात-आठवर चढून बसलेली. त्या खरखरीत समोरच्याचं कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं ओळखनाव, तीन-तीनदा विचारायचं म्हणजे दोघांनाही शिक्षा.

मिरजेचे आमचे काका रेल्वेच्या टेलिकॉममधून निवृत्त झालेले. हॅम म्हणून माझ्या दुप्पट वर्षांचे, आणि मोर्सशिवाय बाकी सगळ्याला पोरखेळ म्हणणारे. त्यांच्याकडं रडगाणं गायलो तर म्हणाले, "मग एफटी-एट कर की. ते खरखरीच्या खाली जाऊन ऐकतंय. माणसाच्या कानाचं काम न्हाई ते."

एफटी-एट म्हणजे जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक या दोघा हॅमनी २०१७ साली आणलेली पद्धत. फ्रँकचा एफ आणि टेलरचा टी. टेलर म्हणजे तेच, १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ. दूरच्या ताऱ्यांचे क्षीण सिग्नल वेचण्यात आयुष्य गेलेला माणूस हॅमसाठी सॉफ्टवेअर लिहायला बसला, तर काय होणार ते झालं. घड्याळ १५ सेकंदांच्या घासांत कापलेलं. एका घासात तुम्ही पाठवायचं, पुढच्या घासात समोरच्यानं. जागा लागते फक्त ५० हर्ट्झ, आणि सिग्नल खरखरीच्या वीस डेसिबल खाली असला तरी कॉम्प्युटर तो वाचून दाखवतो. पाठवायचं ते मोजकंच: कॉलसाइन, तुम्ही पृथ्वीच्या कुठल्या चौकोनात बसलात त्याची खूण आणि सिग्नलचा रिपोर्ट. सांगलीचा चौकोन एमके-७६. गप्पा मारायच्या असतील त्यांनी इकडं फिरकू नये. पण माझ्या गल्लीत गप्पा तशाही होत नव्हत्या.

काकांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं. डाव्या बाजूला रेडिओचा चौकोन, उजवीकडं लॅपटॉपचा. मधे तीन बाण. पहिला बाण हुकुमाचा: कॉम्प्युटरनं रेडिओला सांगायचं, अमुक फ्रिक्वेन्सीवर जा, अमुक मोड लाव. याला कॅट म्हणतात. दुसरा बाण दुतोंडी, आवाजाचा. रेडिओचा आवाज लॅपटॉपच्या कानात, लॅपटॉपचे सूर रेडिओच्या तोंडात. तिसरा पीटीटीचा, म्हणजे माइकवरचं बटण दाबायचं काम. हल्लीच्या आयकॉम आयसी-७३०० सारख्या सेटमध्ये हे तिन्ही बाण एकाच यूएसबी केबलीत येतात, साउंडकार्ड सेटच्या पोटातच असतं. आपल्याकडं तो सेट नाही, तेव्हा सोल्डरिंग आयर्न काढा.

मग त्यांनी दोन चौकोनांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक तुटक रेघ मारली. "आवाजाची तांब्याची तार ह्या रेघेवरनं पलीकडं न्यायची न्हाई."

"मग आवाज जाणार कसा?"

"ट्रान्सफॉर्मरमधनं. ह्या बाजूचं वेटोळं, त्या बाजूचं वेटोळं. दोघं एकमेकांना शिवत न्हाईत, पण काम करत्यात. पीटीटीला ऑप्टोकपलर. हिकडं दिवा लागतो, तिकडं त्यो बघून स्विच दाबला जातो."

रेडिओ एका पॉवर सप्लायवर, लॅपटॉप दुसऱ्या चार्जरवर. दोघांचं अर्थिंग आपापल्या वाटेनं जातं, आणि त्या दोन अर्थिंगांमध्ये थोडा तरी फरक राहतोच. मधे सरळ तार टाकली की तो फरक त्या तारेतून वाहायला लागतो आणि तुमच्या सिग्नलवर पन्नास हर्ट्झची गुणगुण स्वार होते. आतापर्यंत मला वाटायचं, जोडणं म्हणजे तारेला तार लावणं. इथं निम्मं काम तार न लावण्याचं होतं.

सुरुवात मात्र मी आळसानंच केली. कॅटची तयार केबल ऑनलाइन मागवली, सगळ्यात स्वस्त दिसली ती. आली, लावली, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण. हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, कोड १०. ड्रायव्हर काढला, जुना टाकला, लॅपटॉप तीनदा बंद-चालू केला. लेक इंजिनिअरिंगला आहे, तिनं केबलीचं टोपण सुरीनं उकललं, मोबाइलचा कॅमेरा आतल्या यूएसबीच्या चिपवर धरला आणि म्हणाली, "बाबा, ह्याच्यावरची अक्षरं लेझरची नाहीत, छापलेली वाटतात. नकली आहे." नकली चिप ओळखली की ड्रायव्हर काम करायला नकार देतो, हे मला तेव्हा कळलं. काकांना ही भानगड जुनी. २०१४ साली एफटीडीआय या अशा चिपा बनवणाऱ्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरनं नकली चिपांचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकला होता, जगभर आरडाओरडा झाला, ती गोष्ट त्यांनी चवीनं सांगितली.

केबल परत पाठवली नाही. तिचं डोकं, म्हणजे रेडिओकडचा आठ पिनांचा मिनी-डिन प्लग, सांगलीत सुटा मिळणं अवघड. तो कापून ठेवला. बाकीची केबल टाकून दिली.

आता ट्रान्सफॉर्मर. सहाशे ओहमचा, एकास एक, दोन नग. दुकानात विचारलं तर "कशाच्या सेटचा?" असा प्रश्न. काका म्हणाले, दुकानात कशाला जातोस, भंगारात जा. जुना डायल-अप मोडेम शोध, कॉम्प्युटरच्या आत बसायचा तो. टेलिफोनची लाइन आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये हीच तुटक रेघ लागायची, म्हणून कंपनीनं प्रत्येक कार्डावर नेमका हाच ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. आणि रिंग ओळखायला ऑप्टोकपलर. म्हणजे आपल्याला पाहिजे ते सगळं एकाच पाटावर वाढून ठेवलेलं.

भंगारवाल्याकडं कॉम्प्युटरची कार्डं पोत्यात भरलेली होती. मी पोतं पालथं घातलं तर तो म्हणाला, "काय सोनं काढणार हाय का त्यातलं?" अर्ध्या तासात दोन मोडेम मिळाले, दोघांचे मिळून वीस रुपये. एकावर टेलिफोनची तार अजून लटकत होती. नव्वदीच्या शेवटी याच आवाजावर, ट्यूंऽ खर्रऽ करत, आम्ही सायबर कॅफेत रिझल्ट बघितले होते.

ट्रान्सफॉर्मर म्हणजे पिवळी टेप गुंडाळलेला, आगपेटीच्या अर्ध्याएवढा ठोकळा. पहिला काढताना मी चुकलो. एका बाजूच्या पिना गरम केल्या, दुसऱ्या बाजूच्या गार, आणि पक्कडीनं ओढला. पिनेपाशी केसापेक्षा बारीक तांब्याची तार असते, ती तुटली. मल्टिमीटर लावला तर त्या वेटोळ्याला काहीच नाही, उघडं. पुन्हा भंगारवाला, पुन्हा पोतं, अजून दहा रुपये. या खेपेला सोल्डर शोषायचा पंप वापरला, चारी पिनांभोवतीचं सोल्डर एकेक करून पूर्ण ओढून घेतलं आणि ठोकळा बोटानं उचलला तसा अलगद आला. प्रत्येक वेटोळ्याचा रोध शंभर ओहमच्या आसपास. मग एक प्रोब ह्या वेटोळ्यावर, एक त्या वेटोळ्यावर. मीटर गप्प. कुठलीच तार पलीकडं जात नाही, हे दिसत असून मी चार वेळा तपासलं.

रेडिओच्या मागचा डेटा जॅक सहा पिनांचा मिनी-डिन आहे. हाच आकार जुन्या कीबोर्ड-माउसच्या गोल प्लगचा. पीएस-टू म्हणायचे तो. असले कीबोर्ड अजूनही कुणाच्या ना कुणाच्या कपाटावर धूळ खात असतात. शेजारच्या वकिलांच्या ऑफिसातून एक मागून आणला, केबल कापली. आत चार तारा. आणि इथं माझी एक संध्याकाळ गेली.

यासूच्या डेटा जॅकवर पहिली पिन आवाज आत घ्यायची, दुसरी ग्राउंड, तिसरी पीटीटी, पाचवी आवाज बाहेर द्यायची. चौथी पिन ९६०० बॉडच्या (बॉड म्हणजे डेटाचा वेग) डेटाची आणि सहावी स्क्वेल्चची (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय), त्या आपल्याला नकोत. मी मल्टिमीटरचा बझर लावून एकेक तार शोधायला बसलो. पहिली सापडली, तिसरी, चौथी, पाचवी सापडली. दुसरी सापडेना. प्लग फिरवून फिरवून बघितला, पिना समोरून मोजतोय की मागून यात दोनदा घोळ घातला. शेवटी उजेड पडला: कीबोर्डला दुसरी आणि सहावी पिन लागतच नाही, म्हणून कारखान्यात तिथं तारच टाकलेली नसते. रेडिओला नको असलेल्या चौथ्या पिनेला तार, आणि हवं असलेलं ग्राउंड गायब! मार्ग निघाला तो केबलीवरच्या जाळीतून. जाळी प्लगच्या बाहेरच्या पत्र्याला लागलेली होती, आणि तो पत्रा जॅकमध्ये बसला की रेडिओच्या चेसिसला टेकतो. चेसिस म्हणजेच ग्राउंड. जाळीचे धागे पिळून त्यांची दोरी केली, स्लीव्ह चढवली, तेच ग्राउंड. सगळ्या कीबोर्डांची जाळी पत्र्याला लागलेली असतेच असं नाही, तेव्हा कापायच्या आधी बझर लावून बघा. मी कापल्यावर बघितलं, नशिबानं लागलेली होती.

आवाज किती द्यायचा, हा मुद्दा मी हलक्यात घेतला असता तर रेडिओनं दाखवून दिलंच असतं. डेटा जॅकला १२०० बॉडसाठी जास्तीत जास्त ४० मिलिव्होल्ट सोसतात. यूएसबीला लावायचं छोटं साउंडकार्ड पूर्ण आवाजाला व्होल्टाच्या घरात देतं. म्हणून ट्रान्सफॉर्मरनंतर ४७ किलोओहम आणि एक किलोओहम असे दोन रोधक टाकून साधारण पन्नासावा हिस्सा पुढं सोडला. लॅपटॉपचं स्वतःचं साउंडकार्ड मुद्दाम वापरलं नाही. विंडोजचे टिंगटिंग आवाज, मोबाइलचे नोटिफिकेशन, लेकीची गाणी हे सगळं वीस मीटरच्या पट्ट्यावरून, म्हणजे चौदा मेगाहर्ट्झवरून, जगाला ऐकवायचं नव्हतं.

हे सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. प्लॅस्टिकचा भडंगाचा डबा हाताशी होता, पण पत्र्याचा डबा बाहेरचा रेडिओचा मारा थोपवतो.

कॅटसाठी काकांच्या ओळखीच्या एकानं पुण्याच्या तपकीर गल्लीतून खात्रीचं एफटी-२३२ चं, म्हणजे यूएसबीला सिरियल पोर्ट करून देणाऱ्या चिपचं, मोड्यूल आणून दिलं. या बाबतीत काम सरळ होतं. रेडिओचा पाठवायचा पाय मोड्यूलच्या ऐकायच्या पायाला, ऐकायचा पाठवायच्याला, आणि ग्राउंडला ग्राउंड. मोड्यूलवरचा जंपर पाच व्होल्टवर. सावधगिरी एकच: त्या आठ पिनांच्या जॅकवर एका पिनेला रेडिओ १३.८ व्होल्ट बाहेर सोडतो. चुकून ती मोड्यूलला लागली तर मोड्यूल गेलं आणि यूएसबीच्या वाटेनं लॅपटॉपही जाऊ शकतो. त्या पिनेची तार मी मुळापासून छाटली आणि वर स्लीव्ह चढवली. मग मेनूत जाऊन जॅक कॅटवर ठेवला, आणि कॅटचा वेग बघितला. मुळात ४८०० असतो, मी ३८४०० केला. डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी-एटच्या सॉफ्टवेअरमध्ये एफटी-८५७ निवडलं, तोच वेग, दोन स्टॉप बिट, आणि टेस्ट कॅटचं बटण दाबलं. बटण हिरवं झालं. स्क्रीनवर १४.०७४ मेगाहर्ट्झ निवडलं की समोर रेडिओचे आकडे आपोआप तिथं जाऊन बसले. लेकीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलंय," आणि गेली.

इथं काकांना मी एक शंका विचारली होती. तांब्याची तार पलीकडं न्यायची नाही म्हणालात, मग हे कॅटचं ग्राउंड कसं चालतं? "ती आकड्यांची तार," ते म्हणाले. "शून्य न्हाईतर एक. थोडी गुणगुण आली तरी तिला कळत न्हाई. आवाजाला कळतंय." उत्तर पटलं. अर्धवट पटलं, हे पुढं समजलं.

पीटीटी. ऑप्टोकपलर जोडायचं सर्किट एका जुन्या पुस्तकातून उतरवलं, सिरियल पोर्टच्या काळातलं. पोर्टवरचा डीटीआर पाय, तिथून एक किलोओहमचा रोधक, तिथून ऑप्टोकपलरचा दिवा, तिथून ग्राउंड. मोड्यूलवर डीटीआर होताच. सोल्डर मारलं, डबा बंद केला, यूएसबी लॅपटॉपला लावली. लावताक्षणी रेडिओवरचा लाल दिवा लागला. सॉफ्टवेअर अजून उघडलंही नव्हतं. रेडिओ ट्रान्समिटला गेला होता आणि तसाच बसला होता. मी यूएसबी उपटली, दिवा विझला. परत लावली, परत लाल. नशीब की पॉवर पाच वॉटवर होती. अँटेनाऐवजी ताकद आतच जिरवणारा डमी लोड लाव म्हणून काकांनी बजावलं होतं, तो कपाटात होता, अँटेना जोडलेली होती.

मग सॉफ्टवेअर उघडून टेस्ट पीटीटी दाबलं, तर लाल दिवा विझला! म्हणजे सगळं उलटं. बोल म्हटलं की गप्प, गप्प म्हटलं की बोल. कारण साधं, पण माहीत असलं तर. जुन्या सिरियल पोर्टवर डीटीआर सुस्त असताना उणे व्होल्टेजवर असतो आणि जागा झाला की अधिक होतो. एफटी-२३२ च्या पायावर नेमकं उलट: सुस्त असताना पाच व्होल्ट, जागा झाला की शून्य. त्यामुळं यूएसबी लावल्याबरोबर माझ्या ऑप्टोकपलरचा दिवा पेटत होता. दिवा ग्राउंडऐवजी पाच व्होल्टच्या पायाकडून डीटीआरकडं उलटा फिरवला की काम होतं. दोन तारांची अदलाबदल.

फिरवणारच होतो. तेवढ्यात काका आले, डबा उघडा बघून हसायला लागले. "आरं, कॅटचं ग्राउंड जोडलंयस न्हवं? मग ह्यो दिवा कशापासनं कशाला तोडतोय? आणि पीटीटी कॅटच्या हुकुमावरनं बी चालतो की. सॉफ्टवेअरात कॅट निवड, झालं." बरोबर होतं. ग्राउंड एका वाटेनं जोडलेलं असताना दुसऱ्या वाटेवर पहारेकरी ठेवून काय उपयोग? ऑप्टोकपलर काढून टाकला. हुकुमाच्या तारेनंच बटणही दाबलं. सगळ्यात जास्त वेळ खाल्लेला भाग डब्यातून बाहेर गेला आणि डबा चालायला लागला. कॅलेंडरवर तिसरा बाण काढताना हे तुम्हाला माहीत नव्हतं का, असं त्यांना विचारणार होतो. चहा पुढं केला.

पुढं आवाज जुळवायचं काम. रेडिओ डिग, म्हणजे डिजिटल मोडमध्ये, ३८ नंबरच्या मेनूत यूजर-यू. सॉफ्टवेअरमधला पॉवरचा सरकता दांडा हळूहळू वर नेत रेडिओवरच्या एएलसीकडं बघत राहायचं. एएलसीची पट्टी हलायला लागली की थांबायचं आणि थोडं मागं यायचं. पट्टी हलली म्हणजे आवाज जास्त झालाय आणि रेडिओ तो दाबतोय. दाबलेला सूर फाटतो, आणि फाटलेला सूर ५० हर्ट्झच्या जागी शेजाऱ्यांच्या जागेवर पसरतो. नवीन हॅम बहुतेक इथंच शिव्या खातात. शिवाय हा सेट शंभर वॉटचा असला तरी एफटी-एटला पंधरापैकी जवळजवळ तेरा सेकंद सलग पूर्ण ताकदीनं पाठवायचं असतं, बोलण्यासारखी मधे उसंत नाही. मी २५ वॉटवर ठेवला. पंखा तरीही लागतो.

गुणगुण तपासायला लॅपटॉपचा चार्जर काढून आणि लावून ऐकलं. ट्रान्सफॉर्मर बसवायच्या आधी सरळ तारेनं एकदा मुद्दाम जोडून बघितलं होतं: चार्जर लावला की वॉटरफॉलवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सिग्नलच्या रंगीत चित्रावर, डाव्या कडेला जाड पिवळा पट्टा, काढला की गायब. आता लावा नाहीतर काढा, वॉटरफॉल तसाच. भंगारातल्या तीस रुपयांचा तेवढा भाग मला सगळ्यात जास्त आवडला.

आणि तरीही एक शब्द वाचला जाईना. वॉटरफॉलवर गांडुळासारख्या रेघा भरभरून, खालच्या यादीत रिकामं. पाऊण तास आवाज कमी-जास्त करत बसलो. लॅपटॉपचं घड्याळ चार सेकंदांनी मागं होतं, एवढीच भानगड. दीड-दोन सेकंदांपेक्षा जास्त चुकलं की ही पद्धत बहिरी होते. इंटरनेटवरून वेळ जुळवली आणि पुढच्याच घासाला यादी खाली घसरायला लागली. जपान, इंडोनेशिया, रशिया, इटली. खरखर होती तशीच आठवर होती.

आता पाठवायची पाळी. गच्चीवर बांबूला उलट्या व्हीसारखा वीस मीटरच्या पट्ट्याचा डायपोल अँटेना आहे, दोन्ही पाय पाच-पाच मीटरचे. सीक्यू, म्हणजे 'कुणी आहे का?' ही हाक, दिली. चौथ्या सेकंदाला लॅपटॉपनं 'टुडुंग' केलं, माउस गोठला, साउंडकार्ड गायब, कॅट लाल. रेडिओ मात्र ट्रान्समिटलाच अडकलेला, कारण थांब म्हणणारी तारच मेली होती. बटण दाबून बंद केला.

काकांचं ते अर्धवट पटलेलं उत्तर इथं आडवं आलं. पन्नास हर्ट्झची गुणगुण आकड्यांच्या तारेला कळत नाही हे खरं, पण स्वतःच्याच अँटेनाची चौदा मेगाहर्ट्झची ताकद अँटेनाच्या कोॲक्स केबलीच्या बाहेरच्या जाळीवरून उलटी घरात येते आणि कॅटच्या त्याच ग्राउंडवरून यूएसबीत घुसते. मी पोत्यातल्या जुन्या मॉनिटरच्या केबलीवरचे, असला मारा अडवणारे काळे फेराइटचे ठोकळे काढून यूएसबीवर चढवले. काही फरक नाही. काका म्हणाले, "एकदा ओवून काय हुतंय? वेढे घाल. वेढे दुप्पट केलेस की अडवणूक चौपट." अडवणूक वेढ्यांच्या वर्गानं वाढते, हे शाळेत शिकलेलं. हातानं करेपर्यंत डोक्यात नव्हतं. तपकीर गल्लीतूनच मोठं फेराइटचं कडं आणवलं, यूएसबीचे सात वेढे त्यावर. दुसऱ्या कड्यावर कोॲक्सचे दहा वेढे, अँटेनाच्या खाली गच्चीतच. गच्चीवर कडं बांधताना बायको म्हणाली, "अहो, सुतळी ही वाळवणाची आहे." तिथं आता नायलॉनची दोरी आहे.

रविवारी सकाळी साडेआठला सीक्यू दिला. टुडुंग झालं नाही. दुसऱ्या घासाला वायबीनं सुरू होणारं कॉलसाइन माझ्या कॉलसाइनच्या शेजारी, तांबड्या ओळीत. इंडोनेशिया. मला उणे सतरा दिले होते, म्हणजे तिकडंही मी खरखरीच्या खाली होतो. मी उणे अकरा दिले. रिपोर्ट आला, रॉजर गेला, ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा) आला. साधारण दीड मिनिटात सगळं. एक शब्द न बोलता. लायसन्स आल्या दिवशी पहिल्यांदा माइक धरला होता तेव्हा कॉलसाइन सांगताना घशाला कोरड पडली होती. या खेपेला माउसवरचा हात घामेजला होता.

काकांना फोन केला. "झालं?" म्हणाले. "आता तीच गोष्ट हातानं करून दाखव. मोर्सची किल्ली तुझ्याकडं नसली तर माझी जुनी नेऊन ठेव."

वीस मीटर आणि चाळीस मीटरवर आता बिनतक्रार चालतं. एकवीस मेगाहर्ट्झवर मात्र दहा-पंधरा मिनिटांनी एकदा ते टुडुंग होतंच, आणि तेही चार्जर लावलेला असतानाच. काका म्हणतात कॅटच्या तारेवर पण कडं घाल. लेक म्हणते यूएसबी आयसोलेटर मागव, म्हणजे कॅटचं ग्राउंडही तोडता येईल. डबा तोवर उघडाच ठेवलाय, टेबलावर.